ओरिगामी रचनानिर्मिती

ओरिगामी रचनानिर्मिती म्हणजे कागद न कापता व न चिकटवता, केवळ घड्या घालून एखादी नवी आकृती साकारण्यासाठी तिच्या घड्यांची योजना आखण्याची प्रक्रिया होय. ओरिगामी ही मूळची जपानी कला असून तिचे नाव 'ओरी' म्हणजे घडी घालणे आणि 'कामी' म्हणजे कागद या दोन जपानी शब्दांवरून आले आहे. परंपरेने चालत आलेली आकृती सूचनांप्रमाणे घडवणे आणि आजवर कोणीही न घडवलेली आकृती कागदातून काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरी गोष्ट हा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्या रचना मुख्यतः हाताने प्रयोग करता करता सापडत. १९८० नंतर जपान व अमेरिकेतील काही रचनाकारांनी घडीमागील भूमिती उलगडली आणि हव्या त्या आकृतीपासून उलट दिशेने घड्यांपर्यंत पोहोचण्याच्या पद्धती विकसित केल्या. पुढे या पद्धतींवर आधारित संगणक आज्ञावल्याही तयार झाल्या. सहा पाय, दोन मिशा आणि पंख असलेला कीटक एकाच चौरस कागदातून घडवणे या पद्धतींमुळे शक्य झाले. हेच तत्त्व आज अवकाशयाने व वैद्यकीय उपकरणे यांच्या रचनेतही वापरले जाते.

संज्ञा

ओरिगामीत घडी दोन प्रकारची असते. घडीची रेषा घडवणाऱ्याकडे उंचावलेली राहिली तर तिला डोंगरघडी आणि आत दबलेली राहिली तर तिला दरीघडी म्हणतात. पूर्ण झालेली आकृती पुन्हा उलगडली असता कागदावर रेषांचे जे जाळे दिसते, त्याला घडीनकाशा म्हणता येईल. आधुनिक रचनाकार बहुधा प्रथम घडीनकाशाच तयार करतात.

अनेक आकृत्यांना समान असलेल्या आरंभीच्या घडीव रूपाला बेस म्हणतात. पतंग-बेस, मासा-बेस, पक्षी-बेस आणि बेडूक-बेस हे परंपरेतील प्रमुख बेस आहेत. बेसमधून सुटा निघणारा, ज्याचा पुढे पाय, शेपूट, चोच किंवा कान करता येतो, असा भाग म्हणजे टोक. पक्षी-बेसला चार मोठी टोके असतात. जपानी क्रौंच पक्ष्यात त्यांपैकी एकाची मान, एकाची शेपटी आणि दोघांचे पंख होतात.

इतिहास

परंपरागत काळ

१७९७ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेले 'हिदेन सेनबाझुरु ओरिकाता' हे करमणुकीच्या ओरिगामीवरील सर्वांत जुन्या ज्ञात पुस्तकांपैकी एक आहे. एकाच कागदाला चिरा देऊन परस्परांना जोडलेले अनेक क्रौंच पक्षी कसे घडवावेत, हे त्यात दाखवले आहे. या काळातील रचनाकारांची नावे बहुतांशी अज्ञात आहेत. एखादी रचना पिढ्यान्‌पिढ्या हातांतून फिरत राहिली आणि तीत लहानमोठे बदल होत गेले.

युरोपात फ्रीडरिश फ्रोबेल यांच्या बालवाडी पद्धतीत कागदाच्या घड्यांना स्थान मिळाले. भारतात टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रास येथून प्रसिद्ध झाले. नियमित बहुभुज आणि शांकवावरील बिंदू पट्टी-कंपासाऐवजी केवळ घड्यांनी कसे मिळवावेत, हे त्यात सांगितले आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या लेखनात या पुस्तकाचा उल्लेख केल्यामुळे ते पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचले.

अकिरा योशिझावा

आधुनिक ओरिगामीचा आरंभ सामान्यतः अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांच्यापासून मानला जातो. कारखान्यात काम करताना कनिष्ठ कामगारांना भूमिती समजावून देण्यासाठी त्यांनी कागदाच्या घड्यांचा उपयोग केला. पुढे त्यांनी आयुष्य या कलेलाच वाहिले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात तुटक रेषा आणि बाण यांच्या साहाय्याने घड्या दाखवण्याची पद्धत वापरलेली होती. अमेरिकेतील सॅम्युएल रँडलेट यांनी १९६१ मध्ये तिच्यात भर घातली. त्यामुळे भाषा न समजणाऱ्या वाचकालाही केवळ आकृत्या पाहून रचना घडवता येऊ लागली. ही चिन्हपद्धती आज जगभर रूढ आहे.

जाड कागद किंचित ओलसर करून घडवण्याचे तंत्रही योशिझावा यांनीच रूढ केले. कागद वाळला की त्यातील खळ पुन्हा घट्ट होते आणि दिलेला गोलसर आकार टिकून राहतो. त्यामुळे ओरिगामीला शिल्पासारखी सजीवता आली.

तांत्रिक ओरिगामीचा उदय

१९६० च्या दशकात अमेरिकी रचनाकार नील इलायस यांनी कागदावर चौकटींची जाळी आखून तीवर चुण्या घालण्याची पद्धत विकसित केली. जुन्या बेसमधून मिळत नसलेली अनेक टोके या पद्धतीने मिळू लागली. १९८३ मध्ये जुन माएकावा यांच्या रचनांचे 'बिबा! ओरिगामी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील सैतानाच्या आकृतीला बोटे, शिंगे, पंख आणि शेपूट होते, आणि ती एकाच चौरसातून घडवलेली होती. ती प्रयोगातून योगायोगाने सापडलेली नव्हती. ठरावीक भौमितिक तुकडे एकमेकांना जोडून घडीनकाशा आधी रचता येतो, हे तिने दाखवून दिले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकेत रॉबर्ट लँग हे स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले. बेसमधील प्रत्येक टोक म्हणजे कागदावरील एक वर्तुळ असते, हा तो निष्कर्ष होय. त्यानंतरच्या काही वर्षांत जपानी व पाश्चात्त्य रचनाकारांमध्ये अधिकाधिक अवघड कीटक घडवण्याची जणू चढाओढ लागली. ओरिगामीच्या इतिहासात ती 'कीटकयुद्ध' या गमतीदार नावाने ओळखली जाते. कीटकाचे बारीक पाय आणि लांब मिशा ही नव्या पद्धतीची खरी परीक्षा होती, कारण पारंपरिक बेसमध्ये तेवढी टोकेच उपलब्ध नव्हती.

गणितीय आधार

सपाट घडीचे नियम

कोणताही घडीनकाशा सपाट घडी होण्याजोगा असेलच असे नाही. कागदाच्या आतील ज्या बिंदूत अनेक घडीरेषा मिळतात, तेथे पुढील अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

माएकावा प्रमेय: त्या बिंदूत मिळणाऱ्या डोंगरघड्या व दरीघड्या यांच्या संख्येतील फरक नेहमी २ असतो. त्यामुळे बिंदूत मिळणाऱ्या एकूण रेषांची संख्या सम असते.

कावासाकी प्रमेय: बिंदूभोवतीचे कोन क्रमाने घेऊन एकाआड एक कोनांची बेरीज केली असता ती १८० अंश येते. तोशिकाझु कावासाकी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम इतर काही गणितज्ञांनीही स्वतंत्रपणे मांडला आहे.

दोन रंगांचा नियम: सपाट घडी होणाऱ्या नकाशातील सर्व तुकडे दोनच रंगांनी असे रंगवता येतात, की लगतच्या दोन तुकड्यांना एकच रंग येत नाही. घडी घातल्यावर एका रंगाचे तुकडे वर आणि दुसऱ्या रंगाचे तुकडे खाली तोंड करून राहतात.

याखेरीज कागदाचा एक पदर दुसऱ्या पदरातून आरपार जाऊ शकत नाही, ही साधी दिसणारी अट सर्वांत कठीण आहे. प्रत्येक बिंदूवर वरील नियम पाळले गेले तरी संपूर्ण कागद सपाट होईलच, याची खात्री देता येत नाही. १९९६ मध्ये मार्शल बर्न आणि बॅरी हेस यांनी असे सिद्ध केले, की दिलेला घडीनकाशा सपाट घडवता येतो की नाही हे ठरवण्याचा प्रश्न संगणकशास्त्रातील 'एनपी-कठीण' वर्गात मोडतो. म्हणजे कोणत्याही नकाशासाठी हमखास व झटपट उत्तर देणारी रीत ज्ञात नाही, आणि ती अस्तित्वात नसावी असेच बहुतेक संशोधक मानतात.

घड्यांनी होणाऱ्या रचना

एका वेळी एकच सरळ घडी घालून कोणकोणत्या रेषा मिळवता येतात, याचे वर्णन सात मूलभूत क्रियांत केले जाते. फ्रान्समधील झाक जुस्तँ, इटलीत स्थायिक झालेले हुमिआकी हुझिता आणि जपानचे कोशिरो हातोरी यांची नावे या क्रियांशी निगडित आहेत. इटालियन गणितज्ञ मार्गेरिता बेलोक यांनी १९३६ मध्ये दाखवल्याप्रमाणे घड्यांनी तृतीय घाताची समीकरणेही सोडवता येतात. त्यामुळे कोनाचे तीन समान भाग करणे आणि दिलेल्या घनाच्या दुप्पट आकारमानाचा घन काढणे या पट्टी-कंपासाने अशक्य असलेल्या दोन्ही गोष्टी घडीने शक्य होतात.

याचे सोपे उदाहरण काझुओ हागा यांच्या प्रमेयात मिळते. चौरस कागदाचा खालचा उजवा कोपरा वरच्या बाजूच्या मध्यबिंदूवर नेऊन घडी घातली, की कागदाची मूळ खालची बाजू डाव्या बाजूला ज्या बिंदूत छेदते, तो बिंदू डाव्या बाजूचे बरोबर २ : १ या प्रमाणात विभाजन करतो. अशा रीतीने पट्टीने न मोजता कागदाचे तीन समान भाग करता येतात. या घडीत वरच्या उजव्या कोपऱ्यात तयार होणाऱ्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ : ४ : ५ या प्रमाणात असतात.

रचनेची वर्तुळ पद्धत

टोक म्हणजे वर्तुळ

एखाद्या बेसमधील ५ सेंमी लांबीचे टोक उलगडून पाहिले, तर टोकाच्या अग्रापासून ५ सेंमी अंतरातील सगळा कागद त्याच टोकात खर्च झालेला दिसतो. तो कागद दुसऱ्या कोणत्याही टोकासाठी वापरता येत नाही. म्हणून कागदाच्या मध्यभागी घेतलेल्या टोकाला ५ सेंमी त्रिज्येचे पूर्ण वर्तुळ लागते. टोक कागदाच्या कडेवर घेतले तर अर्धे वर्तुळ पुरते आणि कोपऱ्यात घेतले तर पाव वर्तुळच लागते. कोपऱ्यातील टोके कागदाची बचत करतात ती यामुळेच. नवीन बेस शोधणे म्हणजे हव्या त्या त्रिज्यांची वर्तुळे एकमेकांवर न चढता चौरसात बसवणे, असा प्रश्नाचा कायापालट या निरीक्षणाने झाला. वर्तुळांचे केंद्रबिंदू मात्र कागदाच्या आत किंवा कडेवर असावे लागतात.

जुने बेसही या दृष्टीने पाहता येतात. २० सेंमी बाजूच्या चौरसाच्या चारही कोपऱ्यांत १० सेंमी त्रिज्येची पाव वर्तुळे काढली, की ती बाजूंच्या मध्यावर परस्परांना स्पर्श करतात आणि मधोमध सुमारे ४.१ सेंमी त्रिज्येच्या लहान वर्तुळाला जागा उरते. हाच पक्षी-बेस होय. मधले लहान वर्तुळ म्हणजे क्रौंच पक्ष्याच्या पाठीवरील उंचवटा. बेडूक-बेसमध्ये चार कोपरे आणि मध्य अशी सुमारे ७.१ सेंमीची पाच समान टोके आणि बाजूंच्या मध्यावर सुमारे २.९ सेंमीची चार लहान टोके असतात. शतकानुशतके हातांनी शोधलेली रूपे आणि वर्तुळांच्या उत्तम मांडण्या एकच निघाव्यात, ही या सिद्धांताची मोठी साक्ष मानली जाते.

समान लांबीची टोके वाढवत नेली तर प्रत्येक टोकाची जास्तीत जास्त लांबी कशी घटते, हे पुढील आकड्यांवरून दिसते. येथे चौरसाची बाजू १ मानली आहे.

४ टोके: ०.५००
५ टोके: ०.३५४
६ टोके: ०.३००
८ टोके: ०.२५९
९ टोके: ०.२५०

म्हणजे ३० सेंमी कागदातून आठ पायांचा कोळी घडवताना, धड विचारात न घेताही, प्रत्येक पायाची लांबी ७.८ सेंमीपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

वृक्ष आणि पट्टे

प्राण्याची टोके एकाच बिंदूतून निघत नाहीत. त्याचे पुढचे व मागचे पाय यांच्यामध्ये धड असते. म्हणून रचनाकार प्रथम प्राण्याची काड्यांची आकृती काढतो. तिला वृक्ष म्हणतात. सुट्या टोकांच्या काड्या म्हणजे पाय, शेपूट, मिशा. दोन्हीकडून जोडलेल्या काड्या म्हणजे धड किंवा मान. कागदावर सुट्या काडीचे वर्तुळ होते, तर जोडणाऱ्या काडीचा तिच्या लांबीइतक्या रुंदीचा पट्टा होतो. हा पट्टा दोन वर्तुळसमूहांच्या मधून नदीसारखा वाहतो, म्हणून रचनाकार त्याला नदी असेच म्हणतात.

या साऱ्याचा मुख्य नियम असा : वृक्षावरील कोणत्याही दोन अग्रांमधील अंतर काड्यांवरून चालत मोजावे. कागदावर त्या दोन अग्रांचे बिंदू निदान तेवढ्या अंतरावर असले पाहिजेत. सरड्याचा पुढचा पाय ४ सेंमी, धड ६ सेंमी आणि शेपूट १० सेंमी असेल, तर पुढच्या पायाचे अग्र व शेपटीचे अग्र यांत कागदावर किमान २० सेंमी अंतर हवे. दोन पुढच्या पायांच्या अग्रांत मात्र ८ सेंमी पुरेसे होते. ही अट अग्रांच्या प्रत्येक जोडीसाठी पाळली गेली, तर तसा बेस घडवता येतो, असे लँग यांच्या वृक्ष सिद्धांताने दाखवले.

घडीरेषा भरणे

बिंदूंच्या जागा ठरल्यावर ज्या जोड्यांमधील अंतर किमान मर्यादेइतकेच आहे, त्या रेषांनी जोडतात. या रेषा कागदाचे बहुभुजांत विभाजन करतात. आता प्रत्येक बहुभुज असा घडवायचा असतो, की त्याच्या सर्व बाजू एकाच सरळ रेषेवर येतील. त्रिकोणाचे उत्तर सोपे आहे. त्याच्या तिन्ही कोनांचे दुभाजक एका बिंदूत मिळतात. त्या दुभाजकांवर आणि त्या बिंदूपासून बाजूंवर टाकलेल्या लंबांवर घड्या घातल्या की काम होते. ओरिगामीत या घडीला 'सशाचा कान' असे नाव आहे. चौकोनासाठी व त्याहून अधिक बाजूंच्या बहुभुजांसाठी अधिक गुंतागुंतीचे साचे लागतात. बहिर्वक्र बहुभुजाला लागू पडणारा सर्वसाधारण साचा लँग यांनी शोधला. बहुभुज आतल्या बाजूने हळूहळू लहान करत जाणे, ही त्यामागील कल्पना आहे.

चौकट-चुणी पद्धत

वर्तुळांच्या उत्तम मांडणीत रेषांचे कोन बहुधा विचित्र येतात आणि ते कागदावर अचूक आखणे कठीण असते. म्हणून अनेक रचनाकार कागद प्रथम समान चौकटींत विभागतात आणि सर्व घड्या त्या जाळीवर किंवा तिच्याशी ४५ अंशांत ठेवतात. येथे वर्तुळांची जागा चौरस व आयत घेतात. थोडा कागद वाया जातो, पण रचना आखणे व सुधारणे सोपे होते. काही रचनाकार सर्व कोन २२.५ अंशांच्या पटीत ठेवतात. पक्षी-बेस व बेडूक-बेस यांतील कोन याच कुळातले आहेत.

प्रत्यक्ष रचनेचे टप्पे

१. विषयाचे निरीक्षण करून कोणते अवयव दाखवायचे व कोणते सोडायचे हे ठरवणे.
२. अवयवांच्या लांबीच्या प्रमाणात काड्यांची आकृती काढणे.
३. वर्तुळे व पट्टे किंवा चौकटी कागदावर बसवणे. बहुतेक प्राणी सममित असल्यामुळे मांडणीही कागदाच्या कर्णाभोवती किंवा मध्यरेषेभोवती सममित ठेवली जाते.
४. घडीरेषा भरून डोंगर व दरी निश्चित करणे.
५. सर्व रेषांवर आधी चिन्हघड्या घालून संपूर्ण कागद एकदम मिटवणे.
६. बेसची टोके बारीक करणे, वाकवणे व आकृतीला रूप देणे.

यांपैकी पहिले चार टप्पे कागदावर किंवा संगणकावर होऊ शकतात. शेवटचे दोन हातांचेच आहेत. पहिली चाचणी-घडी क्वचितच समाधानकारक ठरते. एखाद्या जागी पदरांची संख्या इतकी वाढते, की पाय जाडजूड होतो किंवा कागद फाटतो. मग रचनाकाराला तिसऱ्या टप्प्याकडे परतावे लागते. गणितात कागदाला जाडी नसते, प्रत्यक्षात ती असते. त्यामुळे गुंतागुंतीच्या रचनांसाठी पातळ व चिवट कागद लागतो. टिश्यू कागदाच्या दोन थरांमध्ये धातूचा वर्ख चिकटवून किंवा मिथाइल सेल्युलोजची खळ देऊन असा कागद रचनाकार स्वतःही तयार करतात.

संगणक आज्ञावल्या

ट्रीमेकर

रॉबर्ट लँग हे भौतिकशास्त्रज्ञ असून लेसर क्षेत्रातील संशोधन सोडून २००१ पासून ते पूर्णवेळ ओरिगामीकडे वळले. त्यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेली ट्रीमेकर ही आज्ञावली वृक्ष पद्धतीवर आधारलेली आहे. वापरकर्ता पडद्यावर काड्यांची आकृती काढतो आणि प्रत्येक काडीची लांबी देतो. आज्ञावली वर सांगितलेल्या अंतरांच्या सर्व अटी सांभाळून बेस जास्तीत जास्त मोठा होईल अशा रीतीने बिंदू बसवते आणि अखेरीस घडीनकाशा काढून देते. सममिती राखणे, ठरावीक टोक कडेवर किंवा कोपऱ्यात ठेवणे अशा अटीही घालता येतात. १९९६ मध्ये लँग यांनी या पद्धतीमागील गणित संगणकीय भूमितीच्या परिषदेत मांडले. पुढे ही आज्ञावली मुक्त स्रोत म्हणून खुली करण्यात आली.

मिळणारे उत्तर मात्र सर्वोत्तम असेलच असे नाही. आरंभीच्या आकृतीत थोडा बदल केला तरी वेगळी मांडणी मिळू शकते. वर्तुळे दिलेल्या चौरसात बसतील की नाही हे ठरवणेही एनपी-कठीण असल्याचे एरिक डिमेन, सँडोर फेकेटे आणि लँग यांनी २०१० मध्ये दाखवले.

ओरिगामायझर

काड्यांच्या आकृतीतून अवयव मिळतात, पण पृष्ठभाग मिळत नाही. जपानी संशोधक तोमोहिरो ताची यांची ओरिगामायझर ही आज्ञावली या दुसऱ्या प्रश्नाला भिडते. तिला त्रिमितीय आकृतीचा बहुभुजी पृष्ठभाग दिला जातो. ती त्याचे तुकडे सपाट कागदावर पसरते आणि त्यांच्यामधला उरलेला कागद आतल्या बाजूला दडणाऱ्या चुण्यांत घालवते. संगणकीय चित्रणात चाचणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी सशाची आकृती ताची यांनी अशा रीतीने एकाच कागदातून घडवली. २०१७ मध्ये डिमेन व ताची यांनी कोणत्याही बहुभुजी पृष्ठभागासाठी चालणारी सिद्ध रीत मांडली.

इतर साधने

संदर्भबिंदू शोधणे: घडीनकाशातील बिंदू कागदावर केवळ घड्यांनी कसा मिळवावा, हे लँग यांची रेफरन्सफाइंडर ही आज्ञावली सांगते.

आखणी: जुन मितानी यांच्या ओरिपा या आज्ञावलीत घडीनकाशा काढून तो सपाट घडवल्यावर कसा दिसेल हे पाहता येते. वक्र घड्यांच्या गोलसर आकृत्यांसाठी त्यांनीच ओरी-रेव्हो ही आज्ञावली तयार केली. चौकट-चुणी पद्धतीसाठी बॉक्स प्लीटिंग स्टुडिओ हे साधन वापरले जाते.

अनुकरण: अमांडा गसाई यांचे ओरिगामी सिम्युलेटर हे साधन ब्राउझरमध्ये चालते. त्यात सर्व घड्या एकाच वेळी मिटताना दिसतात आणि कागदावर कोठे ताण येतो हे रंगांनी दाखवले जाते.

मर्यादा आणि मतभेद

संगणकाकडून मिळतो तो घडीनकाशा. कोणती घडी आधी आणि कोणती नंतर घालावी, हे तो सांगत नाही. पारंपरिक क्रौंच पक्षी एकेक पायरीने घडतो आणि म्हणूनच तो लहान मुलालाही शिकवता येतो. गुंतागुंतीच्या आधुनिक आकृतीत मात्र शेकडो रेषा एकाच वेळी मिटवाव्या लागतात. त्यामुळे अनेक रचना पायऱ्यांच्या आकृत्यांशिवाय केवळ घडीनकाशाच्या रूपात प्रसिद्ध होतात आणि अनुभवी हातांनाच घडवता येतात. शिकवता येणे हा ज्या कलेचा प्राण होता, ती मोजक्या तज्ज्ञांपुरती उरेल काय, हा प्रश्न यातून उभा राहतो.

दुसरा प्रश्न सौंदर्याचा आहे. अवयवांची अचूक संख्या म्हणजे जिवंतपणा नव्हे. योशिझावा यांच्या मोजक्या घड्यांच्या प्राण्यांत जो भाव दिसतो, तो पद्धतीने मिळत नाही. फ्रेंच कलावंत एरिक जुआझेल (१९५६–२०१०) यांनी तांत्रिक बेस आणि ओल्या कागदाचे शिल्पकाम यांचा मेळ घालून माणसांचे चेहरे व वादक घडवले. सातोशी कामिया यांचा 'र्‍यूजिन' हा खवल्याखवल्यांचा अजगरासारखा ड्रॅगन एकाच चौरसातून घडलेला असून तांत्रिक कौशल्याचा मानदंड समजला जातो. या दोघांच्या कामावरून असे दिसते, की पद्धत बेस पुरवते आणि त्यापुढील आकृती रचनाकाराच्या नजरेवर व बोटांवर अवलंबून राहते.

तिसरा प्रश्न मालकीचा आहे. घडीनकाशा ही कलाकृती की केवळ कृती सांगणारे सूत्र, याविषयी एकमत नाही. २०११ मध्ये लँग यांच्यासह सहा ओरिगामी रचनाकारांनी चित्रकार सारा मॉरिस यांच्याविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला. आपले घडीनकाशे परवानगीविना रंगवून चित्रे म्हणून मांडले, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. त्यामुळे मूळ प्रश्नावर न्यायालयाचा अंतिम निर्णय आला नाही.

उपयोजन

मोठा पृष्ठभाग लहान जागेत मिटवणे आणि हवा तेव्हा उलगडणे ही अभियांत्रिकीतील नेहमीची गरज आहे. जपानी अभियंता कोर्यो मिउरा यांनी शोधलेली समांतरभुज चौकोनांची घडी दोन कोपरे ओढताच एकदम उघडते. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानच्या स्पेस फ्लायर युनिट या यानावर या घडीचे सौरपटल तपासण्यात आले. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने अवकाश दुर्बिणीसाठी केलेल्या ५ मीटर व्यासाच्या मिटवता येणाऱ्या भिंगाच्या नमुन्याची घडी लँग यांच्या साहाय्याने ठरवण्यात आली. ऑक्सफर्ड विद्यापीठात झोंग यू व काओरी कुरिबायाशी यांनी रक्तवाहिनीत नेऊन फुलवता येणाऱ्या ओरिगामी स्टेंटचा अभ्यास केला. मोटारीतील सुरक्षा-पिशवी सपाट कशी मिटवावी, याच्या संगणकीय अनुकरणासाठीही बेस घडवण्याचे गणित उपयोगी पडले. या उपयोजनांत जाडीचा प्रश्न कागदापेक्षा अधिक बिकट असतो, कारण धातूचे किंवा काचेचे पटल वाकत नाही. म्हणून केवळ घडीरेषांवर वळणाऱ्या आणि मधले तुकडे ताठ ठेवणाऱ्या रचनांचा स्वतंत्र अभ्यास केला जातो. त्याला दृढ ओरिगामी म्हणतात.

हेही पाहा

ओरिगामी
भूमिती
अकिरा योशिझावा
मिउरा घडी
संगणकीय भूमिती